सावकाशबाईची दहा मिनिटं

"आंघोळ स्वतःची स्वतः करता का?"

तपासणीला आलेल्या मॅडमनी हा प्रश्न अगदी सरळ चेहऱ्याने विचारला. कुणाला, तर शेहेचाळीस वर्षांच्या, अकरा वर्षं नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या घराचं कुलूप रोज स्वतः उघडणाऱ्या बाईला. सावकाशबाईच्या डोक्यात तिडीकच गेली.

"नाही," ती म्हणाली. "बिल्डिंगमध्ये पाळ्या लावल्यात. आज दुसऱ्या मजल्यावरच्यांची."

मॅडमचं पेन कागदावर थांबलं. शेजारच्या खुर्चीत सावकाशबाईचा थोरला भाऊ बसला होता, त्याने कपाळाला हात लावला. "मनावर घेऊ नका हो मॅडम, ही बोलतेच अशी. करते आंघोळ. पण एकटी असते ना, काळजी वाटते. मी तर केव्हाचा म्हणतोय, आमच्याकडेच येऊन राहा."

"दादा, प्रश्न कुणाला विचारलाय?"

"अगं, मी आपली मदत..."

"मदत लागते का, हेही त्या विचारणार आहेत पुढे. तेव्हा सांगेन मी. दादाला गप्प बसवायला मदत लागते म्हणून."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी कागदाआड लपवलं. "ताई, बसा ना तुम्ही. केव्हाच्या फिरताय."

"मला उभ्यानेच सुचतं," असं म्हणून सावकाशबाईने तिसऱ्यांदा तेच टेबल पुसलं, खिडकीपर्यंत गेली, परत आली, दादाच्या पायाजवळचं पायपुसणं उचलून झटकलं. दादा तिच्याकडे संशयाने बघत होता. एवढा स्वच्छतेचा उमाळा बहिणीला जन्मात कधी आला नव्हता.

हे सगळं ढोंग होतं. का ते सांगतो, पण त्याआधी बाई कोण ते सांगायला हवं.

तिचं खरं नाव हजेरीपटावर सापडेल, त्याने काही बिघडत नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला सावकाशबाईच म्हणायचे. काम घरोघरचे पाण्याचे मीटर वाचायचं. जिना चढायचा, मीटरचं झाकण उघडायचं, आकडे टिपायचे, पुढचं दार. दिवसाला शंभरच्या आसपास दारं. आणि अकरा वर्षांत तिचा एक आकडा चुकला असेल तर शपथ! तरी नाव काय पडलं, तर सावकाशबाई. कारण सकाळी आठ वाजता सगळे आपापल्या गल्लीत पसार व्हायचे तेव्हा ही पहिल्या इमारतीच्या तळाशी नोटिशींचा फळा वाचत उभी असायची. पाणी अमुक दिवशी येणार नाही, तमुकने गाडी दारात लावू नये. वाचून पाठ झालेल्या नोटिशी परत वाचायची. नाहीतर पिशवीत पेन शोधायची. नाहीतर फोन कानाला लावून मावशीशी बोलत, एकेका पायरीवर थांबत चढायची. या मावशीचे गुडघे फार दुखायचे. कचेरीतले लोक आपुलकीने चौकशी करायचे, "काय म्हणतात मावशीचे गुडघे?" मावशी मुळात अस्तित्वातच नव्हती हे कुणाला कधी कळलं नाही.

खरी भानगड तिच्या पायांत होती. आपण जेवतो, त्यातली साखर शरीर स्नायूंमध्ये साठवून ठेवतं आणि एकदम जोर लागला की तिथूनच काढून वापरतं. हिच्या स्नायूंत साठा भरपूर, पण तो उघडणारं जे रसायन लागतं तेच जन्मापासून नाही. म्हणजे कोठार भरलेलं आणि किल्ली नाही. त्यामुळे पहिली दहा मिनिटं तिचे पाय म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी पाय. दोन पायऱ्यांत पोटऱ्या दगड. पण ती दहा मिनिटं अगदी हळू, थांबत थांबत काढली, की रक्तातून दुसरं इंधन येऊन पोचतं आणि बाई चालायला लागते. मग दुपारपर्यंत चालते, तुमच्या-माझ्यासारख्याला दमवते. अर्धा-पाऊण तास बसली, की पुन्हा पहिल्यापासून.

आणि त्या दहा मिनिटांत कुणी घाई केली, तर? तर स्नायू तुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडाशी गाठ पडते.

शाळेत हे कुणाला ठाऊक होतं! खेळाचे मास्तर शिट्टी फुंकायचे आणि ही वीस पावलांत खाली बसायची. "आळशी! सोंगाडी!" मास्तरांनी एकदा भर मैदानात तिला चार फेऱ्या मारायला लावल्या, मागे पट्टी घेऊन स्वतः धावले. तीन दिवस ती अंथरुणात होती. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. दुसरे म्हणाले, मनाचं आहे. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रात्रंदिवस पाय चेपले. आजाराला नाव मिळालं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मोठ्या डॉक्टरांनी ते लांबलचक नाव सांगितलं, लाखात एखाद्याला होतं म्हणाले, औषध नाही म्हणाले. बाहेर दादा रडत होता. ही डॉक्टरांना म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाही. तेवढं लिहून द्या." डॉक्टरांना वाटलं चेष्टा करते आहे. तिने खरंच लिहून घेतलं.

त्या कागदावर कचेरीने तिला एक सवलत दिली होती, साहेबांखेरीज कुणाला तिचा पत्ता नव्हता. फेरी तिची ठरलेली, सुरुवात तिच्या मर्जीने, दिवसाअखेर आकडे पुरे झाले की झालं. आता नवीन नियम निघाला. आजारपणाची सवलत घेणाऱ्या प्रत्येकाची तपासणी. रोजच्या जगण्यातलं कायकाय स्वतःला जमतं, याचे शंभर गुण. कमी पडले तर फेरी बंद, मागच्या खोलीत बसून जुन्या नोंदी लावायच्या. चांगले पडले तर सवलत कशाला हवी? धडधाकटांसारखं काम करा.

मागची खोली तिने पाहिली होती. एक खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. तिथे गेलेलं माणूस निवृत्त होऊनच बाहेर येतं. आणि तिथे रवानगी झाली, की दादा सामान बांधायला दारात हजर होणार, हेही तिला माहीत होतं. दादा वाईट नव्हता हो. पण त्याच्या घरी एक खुर्ची तिच्या नावाने आधीच तयार होती, आणि तिला खुर्चीत बसायचं नव्हतं. तिला तिची फेरी हवी होती. ते जिने, ती दारं, "या सावकाशबाई, पाणी प्या" म्हणणारी माणसं. ती फेरी म्हणजे मास्तरांच्या तोंडावर मारलेला तिचा जबाब होता, रोजचा.

म्हणून तिने ढोंग केलं. सवलत गेली तरी ती दहा मिनिटं आजवरसारखी चोरून काढता येतील, असा तिचा हिशोब. मॅडम दहाला येणार, तर ही साडेनऊपासून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा चकरा मारत होती. मॅडम आल्या तेव्हा पाय सुरू झालेले. मग बसायचंच नाही, पाय थंड होऊ द्यायचे नाहीत. मॅडम म्हणाल्या, जिना उतरून चढून दाखवा. ही तीन मजले उतरून भाजीची पिशवी घेऊन वर आली, घाम नाही की धाप नाही. बरणी उघडता? उघडली. कपडे धुता? धुते. न्हाणीघरात दोरीवर चादर लटकत होती. ती तिने पिळलेली नव्हती, पिळायला गेलं की बोटं वळून मुठी होतात, म्हणून तशीच ठिबकत टांगलेली. मॅडमनी आत डोकावून पाहिलं. कागदावर कपडे धुण्याचा प्रश्न होता, पिळण्याचा नव्हता.

शंभरापैकी अठ्ठ्याण्णव पडले. दोन गुण आंघोळीच्या उत्तराबद्दल कापले, असं दादाचं म्हणणं.

तिने त्या दिवशी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. जन्मभर लोकांनी तिला नापास केलं होतं, आणि आता छापील कागदावर अठ्ठ्याण्णव! आठवड्याने कचेरीचं पत्र आलं. "सर्व फेऱ्यांसाठी योग्य. सवलत रद्द." त्यासोबत हातात धरायचं एक नवीन यंत्र. आठच्या ठोक्याला त्यात घड्याळ सुरू होणार, मजल्यागणिक दोन मिनिटं, उशीर झाला की लाल अक्षरं आणि टीं टीं. आणि पहिली इमारत पाच मजल्यांची, वरून सुरुवात.

सोमवारी ती गेली. नोटिशी वाचायला वेळ नव्हता, मावशीला फोन करायलाही नव्हता. दुसऱ्या मजल्यावर पोटऱ्या आवळल्या. तिसऱ्यावर हाताने कठडा धरला तो सुटेना, बोटं एकेक करून दुसऱ्या हाताने उचकटावी लागली. शहाणी असती तर थांबली असती. पण यंत्र टीं टीं करत होतं आणि तिला त्या आवाजात शिट्टी ऐकू येत होती. ती चढली. पाचव्या मजल्यावरचा आकडा टिपला, बरोबर टिपला, आणि तिथेच पायरीवर बसली.

संध्याकाळी लघवी काळी झाली. पाच दिवस सलाईन.

"अठ्ठ्याण्णव!" दादा खाटेशेजारी बसून म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "अगं, कुणाला फसवलंस तू?"

तिला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा भयंकर राग आला. मास्तरांनी पट्टी घेऊन पळवलं होतं ते लहानपणी. या खेपेला पट्टी तिने स्वतःच्याच हाताने उचलली होती. तिने दादाचा हात धरला आणि म्हणाली, "त्या मॅडमना फोन लाव. आणि बोलणार मी आहे."

मॅडम दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आल्या. सावकाशबाईने सगळं सांगून टाकलं. चकरा, टेबल पुसणं, मावशी. मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, मी तुमची चादर बघितली होती. ठिबकत होती. मला कळायला हवं होतं. पण कागदावर तो प्रश्नच नव्हता, आणि मला अजून दोन घरं करायची होती."

"म्हणजे तुम्हालाही घाई होती."

"होती."

"मग झालं तर. दोघींनी मिळून माती खाल्ली." हीच पुढे म्हणाली, "परत तपासा मला. घरी नाही. माझ्या फेरीवर, सकाळी आठला, थंड पायांनी. सगळी फेरी होईपर्यंत सोबत राहायचं. मधे पळून जायचं नाही."

डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी द्यायला तीन आठवडे लावले. तोवर साहेबांचा निरोप आलाच होता, मागच्या खोलीत टेबल रिकामं आहे म्हणून. तिने उलट निरोप धाडला, राहू दे रिकामं.

ठरल्या सकाळी मॅडम जिन्याच्या तळाशी घड्याळ घेऊन उभ्या होत्या. सावकाशबाई दोन पायऱ्या चढली आणि थांबली. आजवर ही दहा मिनिटं तिने जगापासून चोरून ठेवली होती. आई गेल्यावर कुणीच तिला असं पाहिलं नव्हतं. चेहरा आवळलेला, ओठ दाताखाली, एक हात मांडीवर. मॅडमनी न राहवून तिच्या कोपराला हात घातला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "नुसतं बघा. आणि बघताय ते लिहा."

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी पिशवी घेऊन उतरल्या. "अगंबाई, काय झालं गं? चक्कर आली का?"

तिचा हात सवयीने पिशवीतल्या फोनकडे गेला. मावशीचं निमित्त पुन्हा कामी येणार, इतक्यात तिने हात मागे घेतला. मोठ्याने, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "काही नाही, आजी. माझे पाय सुरू व्हायचेत. दहा मिनिटं लागतात. जन्मापासूनच आहे."

आजींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एवढंच ना? मग सांगायचंस की. मी आपली अकरा वर्षं समजत होते तुला नोटिशी वाचायचा नाद आहे." आणि आजी सावकाश उतरून गेल्या.

सावकाशबाईला रडू फुटलं. पायांचं नव्हतं ते. अकरा वर्षं जे लपवायला एवढा आटापिटा केला, ते एका वाक्यात सांगून झालं होतं आणि छप्पर कोसळलं नव्हतं. तिने पदराने नाक पुसलं, तिसरी पायरी चढली. अकराव्या मिनिटाला तिने खांदे सैल सोडले. "चला," म्हणाली, आणि चढायला लागली. दुपारी एकपर्यंत एकशे चार मीटर झाले. मॅडमनी नव्वदाव्या दाराशी चपला हातात घेतल्या होत्या.

फेरी संपल्यावर दोघी जिन्यातच कागद घेऊन बसल्या. कागदावर तीन रकाने होते. स्वतः जमतं, मदतीने जमतं, जमत नाही.

"जिना चढणं," मॅडम म्हणाल्या. "आता कुठल्या रकान्यात लिहू?"

"पहिल्यात आणि तिसऱ्यात."

"ताई, एकच लिहावं लागतं."

"मग मी सही करत नाही." तिने पेन खाली ठेवलं. "मदत लागत नाही, म्हणून मधला नाही. नुसतं जमतं लिहिलंत तर मला परत दवाखान्यात घालाल. नुसतं जमत नाही लिहिलंत तर खोलीत घालाल. रकाना नसेल तर काढा. पट्टी आणि पेन मीटर वाचणारीकडे असतंच."

मॅडमनी खरंच तिच्याकडून पट्टी घेतली, समासात चौथा रकाना आखला आणि त्यात लिहिलं: "पहिली दहा मिनिटं जमत नाही, आणि करायला लावू नये, जिवाला धोका आहे. त्यानंतर पूर्ण दिवस स्वतः जमतं. मी सोबत चालून पाहिलं आहे." खाली सही, शिक्का. सावकाशबाईनेही सही केली, रुंद अक्षरात.

साहेबांनी तो कागद उलटा-सुलटा करून बघितला. "बाई, कॉम्प्युटरमध्ये एक तर योग्य येतं, नाहीतर अयोग्य. हे समासातलं मी कुठे घालू?"

"ते तुम्ही बघा."

"वर विचारावं लागेल. वेळ लागेल."

"लागू दे की. मला वेळेचं काही वाटत नाही," ती म्हणाली. "तोवर मी उद्या आठला फेरीवर जाते. दहा मिनिटं तळाशी थांबून. काढायचं असेल तर लेखी काढा, आणि हा कागद वाचून काढलं असंही त्यातच लिहा."

असं लिहायची साहेबांची छाती झाली नाही. ती दुसऱ्या दिवशी गेली. आठ वाजून दोन मिनिटांनी यंत्र लाल झालं, टीं टीं करत उशिराचं कारण विचारायला लागलं. यादी होती: दार बंद, कुत्रा, मीटर सापडला नाही, इतर. तिने "इतर" दाबलं. त्यापुढे लिहायला जागा होती. तिने लिहिलं, "पाय सुरू होत आहेत." यंत्राला ते मान्य व्हायला साहेबांनी स्वतः उघडून, वाचून, होकाराचं बटण दाबावं लागायचं. तिने दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशीही. एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक दिवस चुकला नाही. "अहो, रोज रोज काय?" साहेब चिडले. "रोज रोज सुरू व्हावे लागतात ना," ती म्हणाली. साहेबांच्या नाकी नऊ आले. तीन महिन्यांनी वरून उत्तर तर आलं नाहीच, पण साहेबांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून यादीत एक ओळ वाढवून घेतली: "ठरलेली दहा मिनिटं." ती निवडली की लाल अक्षरं येत नव्हती, टीं टीं होत नव्हती आणि साहेबांना बटण दाबावं लागत नव्हतं.

यादी सगळ्यांच्या यंत्रात एकच असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. महिनाअखेर साहेबांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्यापुढे कागद होता.

"बाई, ही ओळ तुमच्यासाठी घातली होती. या महिन्यात आणखी चौघांनी निवडलीये. रोज. एक तर आपला सगळ्यात धावपळ्या माणूस. यांच्यापैकी कुणाचाही आजाराचा कागद नाही माझ्याकडे. कोण आहेत, काय होतंय त्यांना, बोलावून चौकशी करायला हवी."

सावकाशबाईने नावांकडे बघितलंही नाही. त्या चौघांनी आजवर कायकाय केलं असेल, कुठल्या नोटिशी वाचल्या असतील, कुठल्या मावशीशी बोलले असतील, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आकडे बरोबर येतात ना त्यांचे?" तिने विचारलं.

"येतात."

"मग बोलावू नका, साहेब. शोधायला गेलात की परत लपतील."

साहेबांनी कागद घडी करून खणात टाकला. ती उठली, यंत्र पिशवीत घातलं आणि उरलेली दारं करायला निघाली.